पालक सरकार आणि त्याचीं सज्ञान लेंकरें

'पोसणें' हा शब्द आपल्या भाषेंत मोठा घरगुती आहे. पोसलेला मुलगा, पोसलेली गाय, पोसणारा हात असे प्रयोग आपण सहज करतों, आणि ते करतांना पोसणारा व पोसला जाणारा ह्यांचा संबंध कोणत्या तारखेस संपतो हा प्रश्न आपल्या मनास शिवत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र ह्या संबंधास तारीख आहे. आईबापांची हेळसांड, मारहाण, व्यसन किंवा मृत्यु ह्यांमुळें जीं मुलें न्यायालयाच्या हुकमानें सरकारच्या ताब्यांत येतात, तीं तेथें मोबदला घेणाऱ्या पालकांच्या घरीं, नातेवाइकांकडे किंवा संस्थांत ठेवलीं जातात. ज्यांस परत घरीं जातां येत नाहीं व ज्यांस कोणी दत्तकही घेत नाहीं, त्यांचा अठरावा, आणि आतां पुष्कळ राज्यांत एकविसावा, वाढदिवस उजाडला म्हणजे सरकारचें पालकत्व संपतें. ह्या प्रकारास तिकडे जें नांव पडलें आहे, त्याचा अर्थ 'वयानें बाहेर पडणें' असा होतो. गेल्या पंचवीस वर्षांत असे बाहेर पडणारे तरुण-तरुणी वर्षास साधारणतः 15 हजारांपासून 30 हजारांपर्यंत भरत आले आहेत.

बाहेर पडल्यावर त्यांचें काय झालें हें सरकारनें विचारावयाचें कीं नाहीं, विचारल्यास कोणास विचारावयाचें, आणि उत्तर मिळाल्यावर त्याचें काय करावयाचें, ह्या तीन प्रश्नांचा इतिहास आम्ही येथें सांगणार आहों. विषय वरवर पाहतां रुक्ष आहे. त्यांत कायद्यांचीं सालें व मंजुरीच्या रकमा येतात. परंतु आपल्या घरांतील थोरला मुलगा शिक्षणासाठीं परगांवीं गेला म्हणजे त्याच्या पत्राची वाट पाहणारी आई जें करते, तेंच एका बलाढ्य राष्ट्रास कसें साधत नाहीं, हें ह्या रकमांच्या आड दिसतें. म्हणून वाचकांनीं थोडा धीर धरावा.

इतिहासाचा आरंभ आगगाडींत होतो. 1853 सालीं चार्ल्स लोरिंग ब्रेस नांवाच्या एका तरुण धर्मोपदेशकानें इतर कांहीं सद्गृहस्थांच्या साहाय्यानें न्यूयॉर्क शहरांत 'चिल्ड्रन्स एड सोसायटी' स्थापन केली. रस्त्यांवर वर्तमानपत्रें व काड्यापेट्या विकणारीं, रात्रीं खोक्यांत व जिन्यांखालीं निजणारीं मुलें त्यानें पाहिलीं होतीं. त्यांस अनाथगृहाच्या भिंतींत कोंडण्यापेक्षां पश्चिमेकडील शेतकऱ्यांच्या घरीं पाठवावें, तेथें त्यांस अन्न, हवा, काम व कुटुंब हीं चारही मिळतील, असें त्याचें म्हणणें होतें. आणि विचार म्हणून तो वाईट नव्हता. 1854 च्या शरद ऋतूंत सुमारें 45 मुलांची पहिली तुकडी मिशिगन राज्यांतील डोवाजॅक ह्या लहानशा गांवीं उतरली. पुढें 1929 पर्यंत, म्हणजे पाऊणशें वर्षें, ह्या गाड्या चालत राहिल्या, आणि इतर संस्थांनीं पाठविलेलीं धरून त्यांतून दोन लाख किंवा त्याहून अधिक मुलें पश्चिमेकडे गेलीं असा अदमास आहे.

गाडी येण्यापूर्वीं गांवांत जाहिरात लागे. मुलांस चर्चमध्यें किंवा नाटकगृहांत ओळीनें उभें करीत. गांवकरी येत, निरखून पाहात, आणि एकेक मूल घेऊन जात. जें उरे तें पुन्हां गाडींत बसे व पुढच्या गांवीं पुन्हां उभें राही. आपल्याकडील बैलबाजाराची आठवण हें वर्णन वाचतांना आम्हांस झाली, आणि झाली ह्याची थोडी लाजही वाटली. कारण त्या ओळींतून कित्येक मुलांस खरोखरीचीं घरें मिळालीं, हेंही तितकेंच खरें आहे. 1859 सालीं एकाच तुकडींतून इंडियाना राज्यांत गेलेले दोन मुलगे तर पुढें गव्हर्नर झाले. अँड्रयू बर्क नॉर्थ डकोटाचा आणि जॉन ब्रेडी अलास्काचा. ह्या दोघांचीं नांवें संस्थेच्या कार्याची साक्ष म्हणून पुढें वारंवार घेतलीं गेलीं.

येथेंच आमच्या विषयाची पहिली गांठ पडते. संस्था मुलांस पत्रें पाठवी, तिचे हस्तक अधूनमधून फेरीही करीत. परंतु हजारों मैलांच्या मुलखांत विखुरलेल्या मुलांस मूठभर हस्तक कितीसे पुरे पडणार? 1884 सालीं मिनेसोटा राज्याच्या धर्मादाय मंडळाचे चिटणीस हेस्टिंग्ज हार्ट ह्यांनीं आपल्या राज्यांत आलेल्या मुलांची चौकशी करून एक निबंध राष्ट्रीय परिषदेपुढें वाचला. पाठविलेलीं मुलें दुर्गुणी असतात हा आरोप त्यांनीं बव्हंशीं खोटा ठरविला. मात्र मुलें घाईनें, घरांची नीट चौकशी न करतां वांटलीं जातात आणि मागाहून त्यांवर पुरेशी नजर राहात नाहीं, असें स्पष्ट सांगितलें. दोन गव्हर्नरांच्या तसबिरी एका पारड्यांत, आणि हार्टसाहेबांनीं दारोदार फिरून केलेली यादी दुसऱ्यांत. आमच्या मतें दुसरें पारडें जड आहे. संस्था आपल्या यशाचीं उदाहरणें देते, तेव्हां ती खोटें बोलते असें नाहीं. पण उदाहरण म्हणजे मोजणी नव्हे.

सरकारनें ह्या कामांत हात घालावा ही कल्पना तोंवर अगदींच नवी राहिली नव्हती. मॅसॅच्युसेट्स राज्यानें 1869 सालींच बाहेर ठेवलेल्या मुलांस भेटी देण्यासाठीं सरकारी अधिकारी नेमला होता. 1909 च्या जानेवारींत अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनीं व्हाइट हाउसमध्यें निराधार बालकांविषयीं परिषद भरविली. तिनें बालसंस्थांची तपासणी राज्यांनीं करावी असा ठराव केला. 1912 सालीं जूलिया लेथ्रॉप ह्या विदुषीच्या हाताखालीं बालकल्याणाची मध्यवर्ती कचेरी निघाली. 1935 चा सामाजिक सुरक्षिततेचा कायदा, 1961 पासून अशा मुलांच्या पोषणासाठीं मध्यवर्ती खजिन्यांतून मिळूं लागलेला पैसा, 1980 चा मोठा कायदा, हे पुढचे टप्पे. ह्या सगळ्यांत लक्ष होतें तें लहान मुलाकडे. मूल वाढतें, ही गोष्ट कायदा करणारांच्या ध्यानांत आलेली दिसत नाहीं.

आणि मध्येंच एक विलक्षण गोष्ट घडली. व्हिएतनामच्या युद्धांत अठरा वर्षांचीं पोरें लढावयास जात होतीं. ज्यास बंदूक देतां त्यास मत कां देत नाहीं, असा प्रश्न उठला, आणि 1971 सालीं राज्यघटनेंत दुरुस्ती होऊन मतदानाचें वय 21 वरून 18 वर आलें. पाठोपाठ बहुतेक राज्यांनीं सज्ञानतेचें वयही अठरावर आणलें. आईबापांच्या घरीं राहणाऱ्या मुलास ह्यामुळें कांहीं तोशीस लागली नाहीं. तो मत देऊन संध्याकाळीं घरींच जेवावयास आला. पण ज्याचा बाप सरकार, त्याच्या बाबतींत सज्ञान होणें व निराधार होणें ह्या दोन गोष्टी एकाच तारखेस येऊन ठेपल्या.

1980 नंतरच्या दशकांत मोठ्या शहरांच्या निवाऱ्यांत रात्र काढणाऱ्या बेघरांमध्यें सरकारनेंच वाढविलेले तरुण आढळूं लागले. न्यूयॉर्क शहरांत अशा कांहीं तरुणांनीं सरकारविरुद्ध फिर्याद केली, आणि 1986 सालीं न्यायालयानें त्यांच्या बाजूनें कौल दिला. त्याच वर्षीं अमलांत आलेल्या एका मध्यवर्ती कायद्यानें 'स्वतंत्र राहणी'ची योजना सुरू केली. वयाची सोळा वर्षें पुरीं झालेल्या मुलांस अठराव्या वर्षासाठीं तयार करावें, एवढ्याकरितां राज्यांस मिळून वर्षास साडेचार कोटी डॉलर मिळूं लागले. 1992 च्या सुमारास ही रक्कम सात कोटी झाली.

ह्या योजनेंतील एक कलम मुद्दाम सांगण्यासारखें आहे. बँकेंत खातें कसें उघडावें, भाडेकरार कसा वाचावा, बाजारहाट कशी करावी, ह्याचे वर्ग त्या पैशांतून चालवितां येत; मात्र मुलाच्या राहण्याजेवण्यावर त्यांतील एक सेंटही खर्च करण्यास बंदी होती. म्हणजे घर कसें चालवावें हें शिकवावयाचें, पण घर द्यावयाचें नाहीं. पोहण्याचीं पुस्तकें वांटून विहिरीस कुलूप घालण्यासारखें हें झालें.

योजना तेरा वर्षें चालली. तिची देखरेख म्हणजे राज्यांनीं वर्षअखेर अहवाल पाठवावयाचे. त्यांत किती मुलांस किती वर्ग दिले, किती डॉलर लागले, हें असे. वर्गांत बसलेला मुलगा पुढें कोठें गेला, हें बहुधा नसे. मध्यंतरीं एका संशोधनसंस्थेनें, बाहेर पडून अडीच ते चार वर्षें झालेल्या तरुणांची पाहणी करून 1991 सालीं अहवाल दिला होता. त्यांतील शेंकडा 46 जणांचें शालेय शिक्षण पुरें झालेलें नव्हतें. शेंकडा 25 जणांनीं निदान एक रात्र तरी बेघर काढली होती. असे आंकडे हातीं असतांनाही पुढें आठ वर्षें कारभार जुन्याच चाकोरींतून चालला.

आतां ह्या कथेंत हिशेबतपासणीसांचा प्रवेश होतो. अमेरिकन काँग्रेसची स्वतःची अशी एक हिशेबतपासणीची कचेरी 1921 च्या कायद्यानें निघाली आहे. 2004 पर्यंत तिच्या नांवांत 'हिशेब' हा शब्द होता. त्या वर्षीं तो जाऊन त्या जागीं 'जबाबदारी' ह्या अर्थाचा शब्द आला. पेशवाईच्या दप्तराशीं ज्यांचा थोडाफार परिचय आहे त्यांस ह्या बदलाचें मर्म सांगावयास नको. जमाखर्च मिळाला म्हणजे फडाचें काम झालें. पण ज्या रयतेच्या नांवें खर्च पडला तिच्या चुलीवर कांहीं शिजलें कीं नाहीं, हा प्रश्न फडाच्या बाहेरचा असतो. ह्या कचेरीनें तो हळूहळू आपल्या कक्षेंत ओढला. 1999 च्या नोव्हेंबरांत तिनें स्वतंत्र राहणीच्या योजनेवर जो अहवाल दिला, त्याच्या शीर्षकांतच निकाल होता: ह्या सेवांची परिणामकारकता अज्ञात आहे. योजना वाईट आहे असें तपासनीस म्हणाले नाहींत. ती चांगली कीं वाईट हें सांगण्याची सोयच कोणी करून ठेवलेली नाहीं, असें ते म्हणाले. आमच्या समजुतीप्रमाणें ह्याहून कठोर निकाल दुसरा नाहीं.

त्याच वर्षीं काँग्रेसच्या पोटसमितीपुढें अशा तरुणांनीं स्वतः येऊन साक्षी दिल्या. प्रतिनिधिगृहांत नॅन्सी जॉन्सन व बेन कार्डिन ह्या दोन विरुद्ध पक्षांच्या सभासदांनीं मिळून विधेयक पुढें नेलें. सेनेटांत त्याचा पुरस्कार ऱ्होड आयलंडचे जॉन चेफी ह्यांनीं केला. दुसऱ्या महायुद्धांत ग्वादलकनालच्या रणांत लढलेला हा म्हातारा रिपब्लिकन 24 ऑक्टोबर 1999 रोजीं वारला, आणि 14 डिसेंबर रोजीं अध्यक्ष क्लिंटन ह्यांची सही होऊन कायदा झाला तेव्हां योजनेस त्याचें नांव देण्यांत आलें. रक्कम दुप्पट होऊन वर्षास 14 कोटी डॉलर झाली. पांचवा हिस्सा राज्यांनीं घालावयाचा. अठरा ते एकवीस वर्षांच्या तरुणांच्या राहण्याजेवण्यासाठीं शेंकडा 30 पर्यंत रक्कम वापरण्यास मोकळीक मिळाली. विहिरीचें कुलूप निघालें, निदान किलकिलें झालें.

परंतु इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाचें कलम दुसरेंच होतें. बाहेर पडलेल्या तरुणांचें शिक्षण, नोकरी, निवारा, तुरुंगवास इत्यादि गोष्टींची मोजमापें ठरवावीं आणि राज्यांकडून ती माहिती नियमितपणें घ्यावी, अशी आज्ञा मध्यवर्ती खात्यास कायद्यानें दिली. दर्जा ठरविण्याची ही आज्ञा कशी पाळली गेली, तें पाहा. नियमांचा मसुदा 2006 सालीं निघाला. पक्के नियम 2008 च्या फेब्रुवारींत झाले. माहिती गोळा करण्यास प्रारंभ 1 ऑक्टोबर 2010 रोजीं झाला. पहिल्या तुकडीस सतराव्या वर्षीं 2011 सालीं प्रश्न विचारले, एकोणिसाव्या वर्षीं 2013 सालीं, व एकविसाव्या वर्षीं 2015 सालीं. म्हणजे काँग्रेसनें 1999 सालीं 'त्यांचें पुढें काय होतें?' असें विचारलें, तेव्हां ज्या मुलाचें वय पांच होतें तो एकवीस वर्षांचा होऊन आपलें उत्तर स्वतःच घेऊन आला. ह्या सोळा वर्षांत जे बाहेर पडले, त्यांची संख्या वर्षास वीस हजार धरली तरी तीन लाखांवर जाते. त्यांची कोठेंच नीट गणती झाली नाहीं.

विलंबाचीं कारणें सांगतां येतात. पन्नास राज्यांच्या पन्नास तऱ्हा, गणकयंत्रांचा खर्च, खात्यांतले मतभेद. 2004 च्या तपासणींत असें दिसलें कीं दरडोई अनुदान एका राज्यांत 500 डॉलरांहून कमी, तर दुसऱ्यांत 2000 डॉलरांहून अधिक पडत होतें; इतक्या विषम कारभारास एक गज लावणें सोपें नव्हे, हें आम्हीही मान्य करतों. पण पैसा वांटण्यास ह्या अडचणी कधीं आड आल्या नाहींत, मोजण्यासच आल्या, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

बरें, मोजणी सुरू झाली तिचें स्वरूप काय? सरकारच्या ताब्यांत अजून असलेल्यांपैकीं शेंकडा 80, व ताब्यांतून गेलेल्यांपैकीं शेंकडा 60 तरुणांचीं उत्तरें राज्यानें आणलींच पाहिजेत, असा नियम आहे. आम्हीं हा नियम प्रथम वाचला तेव्हां कडक वाटला. नंतर मनांत आलें कीं, शंभर मुलांपैकीं चाळीस मुलें कोठें आहेत हें ठाऊक नसलें तरी चालेल, असें जो बाप म्हणेल त्यास आपण काय म्हणूं? शिवाय जे सांपडत नाहींत ते बहुधा सर्वांत हलाखींत असणारे. ज्याचा पत्ता आहे त्याचें निदान छप्पर तरी आहे. म्हणून हे आंकडे वस्तुस्थितीहून बरेच दिसण्याचा संभव आहे. माहिती न देणाऱ्या राज्यास दंडही आहे. त्याच्या वार्षिक अनुदानाच्या शेंकडा एक ते पांच. म्हणजे राज्याच्या कारकुनानें चूक केली तर दंड भरावयाचा तो मुलांच्या वांट्यांतून!

सरकारी मोजणीची वाट न पाहतां शिकागोच्या विद्वानांनीं जें काम केलें, तें ह्या विषयांत पायाभूत ठरलें आहे. मार्क कोर्टनी व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इलिनॉय, विस्कॉन्सिन व आयोवा ह्या तीन राज्यांतील 732 तरुणांस सतराव्या वर्षापासून सव्विसाव्या वर्षापर्यंत पुन्हां पुन्हां गांठलें. सव्विसाव्या वर्षापर्यंत शेंकडा 31 ते 46 जण केव्हांना केव्हां बेघर झाले होते असा अंदाज निघाला. इलिनॉयमध्यें एकविसाव्या वर्षापर्यंत सरकारी आश्रयांत राहण्याची मुभा होती, इतर दोन राज्यांत ती व्यवहारतः नव्हती; आणि इलिनॉयचे तरुण अधिक संख्येनें कॉलेजांत गेलेले आढळले. हा पुरावा पुढें करूनच 2008 चा कायदा झाला व राज्यांस इच्छेनुरूप एकवीस वर्षांपर्यंत आश्रय देऊन मध्यवर्ती साहाय्य मागण्याची वाट मोकळी झाली. मोजणीनें कायदा हलविल्याचें हें एक चांगलें उदाहरण.

दुसरें उदाहरण अधिक बोचरें आहे. 1999 च्या कायद्यानें अनुदानाचा शेंकडा दीड भाग परीक्षणासाठीं राखून ठेवला होता. त्यांतून चार उपक्रम पारखले गेले: लॉस एंजेलिसमधील राहणीचे वर्ग, तेथीलच घरगुती शिकवणी, कॅलिफोर्नियांतील कर्न परगण्यांतील नोकरीविषयक मदत, आणि मॅसॅच्युसेट्स येथील एक उपक्रम, ज्यांत वर्ग नव्हतेच, एक कार्यकर्ता एकेका मुलास नेमानें भेटे व त्याच्या गरजेप्रमाणें मदत करी. चिठ्ठ्या टाकून मुलांचे दोन गट पाडून तुलना झाली. पहिल्या तिहींचा फारसा परिणाम आढळला नाहीं. चौथ्यांतील मुलें अधिक प्रमाणांत कॉलेजांत गेलीं. अठराव्या वर्षानंतर सरकारच्या आश्रयांतही अधिक राहिलीं, आणि फायदा त्यामुळेंच झाला असावा असें परीक्षकांनीं प्रामाणिकपणें नमूद केलें. पंचवीस वर्षें ज्या वर्गांवर भर होता, ते वर्ग असे फिके निघाले.

ह्या सगळ्यांत आम्हांस सर्वांत खटकलेली गोष्ट आहे ती निराळ्याच पैशाची. ज्या मुलाचे आईबाप वारले आहेत किंवा जें मूल अपंग आहे, त्यास सामाजिक सुरक्षिततेच्या कायद्याखालीं मासिक वेतन मिळतें. मूल सरकारच्या ताब्यांत असलें म्हणजे त्याच्या वतीनें हें वेतन स्वीकारणारा प्रतिनिधि बहुधा राज्याचें खातेंच असतें. अनेक राज्यांनीं वर्षानुवर्षें हा पैसा मुलाच्या पालनपोषणाची भरपाई म्हणून आपल्याच तिजोरींत वळविला, आणि मुलास त्याचा पत्ताही नसे. 2003 सालीं सर्वोच्च न्यायालयानें वॉशिंग्टन राज्याच्या खटल्यांत हें कृत्य कायदेशीर असल्याचा एकमुखी निर्णय दिला. कायदेशीर असेल, आपल्याकडे त्यास कुंपणानें शेत खाणें म्हणतात. मृत बापाच्या नांवें आलेला पैसा अठराव्या वर्षीं हातीं पडला असता, तर पहिल्या सहा महिन्यांचें घरभाडें त्यांतून निघालें असतें. 2021 सालीं वृत्तसंस्थांनीं हा प्रकार चव्हाट्यावर आणला, तेव्हां कांहीं राज्यांनीं आपले नियम बदलले. येथें तपासणीसांच्या आधीं वार्ताहर पोचले, हें नमूद करणें प्राप्त आहे.

अलीकडचा भाग थोडक्यांत सांगतों. 2014 च्या कायद्यानें बाहेर पडणाऱ्या तरुणाच्या हातीं जन्माचा दाखला, सामाजिक सुरक्षिततेचें कार्ड, आरोग्यविम्याचे व दवाखान्याचे कागद आणि ओळखपत्र दिल्याशिवाय त्यास सोडूं नये असें ठरलें. हें सांगण्यास कायदा लागला, ह्यावरून आधींची स्थिति ओळखावी. त्याच कायद्यान्वयें चौदाव्या वर्षापासून दरसाल मुलाच्या नांवची पत तपासावी लागते, कारण मुलाच्या नांवावर दुसऱ्यानेंच कर्ज काढून ठेवल्याचे प्रकार घडत होते. 2018 सालीं साहाय्याची मर्यादा तेविसाव्या वर्षापर्यंत वाढविण्याची मुभा मिळाली. 2020 च्या डिसेंबरांत, करोनाच्या सांथींत, काँग्रेसनें चाळीस कोटी डॉलरांची एकवेळची जादा रक्कम दिली, सप्टेंबर 2021 अखेरपर्यंत वयाच्या कारणावरून कोणास बाहेर काढूं नये असें बजावलें, आणि साहाय्य सत्तावीस वर्षांखालील सर्वांस तात्पुरतें खुलें केलें. तेव्हां पैसा आला आणि माणसें शोधावीं लागलीं. जे आधींच बाहेर पडले होते त्यांस ही बातमी कळवावी कशी, हीच कित्येक ठिकाणीं पहिली अडचण ठरली. 2025 च्या जानेवारींत हिशेबतपासणीच्या कचेरीनें पुन्हां एक अहवाल दिला. त्यांतही तक्रार पैशाच्या तुटीची तेवढी नाहीं; राज्यांस मिळालेला पैसा पुरता वापरला जात नाहीं, आणि त्यांच्या अडचणी दूर करण्यास मध्यवर्ती खात्यानें हात द्यावा, अशी शिफारस आहे.

मोजणीचा कागद अजून सतराव्या, एकोणिसाव्या व एकविसाव्या वर्षीं पुढें येतो. त्यांत नोकरीचे, शिक्षणाचे, बेघरपणाचे, तुरुंगाचे, विम्याचे प्रश्न आहेत. एक प्रश्न असा आहे: सल्ला किंवा मनाचा आधार घेण्यासाठीं जिच्याकडे जातां येईल अशी, आपल्या सरकारी कार्यकर्त्याखेरीज, निदान एक तरी वडीलधारी व्यक्ति सध्यां तुमच्या आयुष्यांत आहे काय? पुढें खूण करण्यास तीन चौकोन आहेत. होय, नाहीं, आणि उत्तर देण्याची इच्छा नाहीं. जे सांपडले त्यांपैकीं बहुतेकांनीं 'होय' ह्या चौकोनांत खूण केली आहे. वय वाढत गेलें तसें हें प्रमाण थोडें उतरलें. ती व्यक्ति कोण, आणि ती किती दूर राहते, हें लिहावयास त्या कागदावर जागा ठेवलेली नाहीं.